‘न्हाणीघरात जास्त माणसं मरतात’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘दहशतवादाचा बागुलबुवा : पाच कटू सत्यं’ या मथळ्याचा एक संदेश सध्या फिरतोय. मला तो याआधीही आला होता, वाचला आणि सोडून दिला. काल तो पुतणीने पाठवला, खाली ‘काका, पटतंय ना?’ अशी पुस्ती जोडून. ही मुलगी मोठ्या कार्यक्रमांना स्वयंसेवक म्हणून दाराशी उभी असते. हजारो माणसं तिच्यासमोरून आत जातात. निदान तिला तरी हे पटायला नको, म्हणून हा खटाटोप.

संदेशातले पाच मुद्दे थोडक्यात असे. एक, न्हाणीघरात घसरून आणि रस्त्यावर कितीतरी जास्त माणसं मरतात, म्हणून दहशतवाद हा प्रश्नच नगण्य. दोन, हे श्रीमंत देशांचं दुखणं आहे, मीडियाने फुगवलेलं. तीन, तपासणी, बेवारस बॅग, संशयित व्यक्ती हे सगळं नाटक, त्यात निष्पापांना त्रास होतो. होणारा हल्ला होतोच, तेव्हा कळवण्याच्या भानगडीत पडू नका. चार, हल्ल्यात सापडलात तर जागच्या जागी पडून मेल्याचं सोंग घ्या, व्हिडिओ काढा आणि लगेच सगळ्यांना पाठवा. पाच, आपण घाबरलो नाही की दहशतवादी आपोआप हरतात.

चौथ्यापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा मुद्दा एखाद्याचा जीव घेऊ शकतो.

मेल्याचं सोंग घेऊन एखादा वाचलाही असेल. पण ज्यांचं हे रोजचं काम आहे ते हा सल्ला पहिला म्हणून देत नाहीत. ब्रिटनच्या दहशतवादविरोधी पोलिसांची सूचना तीन शब्दांची आहे : पळा, लपा, कळवा. सुरक्षित वाट दिसत असेल तर सामान टाकून पळायचं. वाट नसेल तर लपायचं, आणि लपायचं म्हणजे टेबलाखाली जाऊन बसायचं नव्हे. दार आतून लावायचं, जड वस्तू सरकवून ते अडवायचं आणि मग दारापासून लांब व्हायचं, कारण गोळी दारातून आरपार येते. फोन सायलेंटवर ठेवायचा, व्हायब्रेशनसुद्धा बंद. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर पोलिसांना फोन करायचा. यात शूटिंग कुठेही बसत नाही.

आणि ‘लगेच सगळ्यांना पाठवा’? २६/११ च्या वेळी मुंबईतल्या हॉटेलांत लपलेल्या अतिरेक्यांना पाकिस्तानातले सूत्रधार फोनवरून सूचना देत होते, आणि समोर टीव्हीवर आपल्याच वाहिन्यांचं थेट प्रक्षेपण बघत होते. कमांडो कुठे उतरतायत, हे त्यांना घरबसल्या दिसत होतं. २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावरून वाहिन्यांना कडक शब्दांत फटकारलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. तेव्हा कॅमेरा वाहिनीकडे होता, आता तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे आणि आपल्याला कुठला केबलचा नियम लागत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रसेल्समध्ये धरपकड सुरू असताना पोलिसांनी लोकांना विनंती केली की आमच्या हालचालींबद्दल काही टाकू नका. लोकांनी त्याऐवजी मांजरांचे फोटो टाकायला सुरुवात केली, इतके की शोधणाऱ्याला मांजरांखेरीज काही दिसेना. समाजमाध्यमांवर एवढा शहाणपणा मी पुन्हा पाहिलेला नाही. उलट उदाहरण न्यूझीलंडमधल्या २०१९ च्या क्राइस्टचर्चचं. हल्लेखोराने मशिदीतला गोळीबार स्वतःच थेट प्रक्षेपित केला. दोन मशिदींत मिळून ५१ माणसं मारली गेली. पहिल्या चोवीस तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती हटवल्या, असं फेसबुकने सांगितलं. त्या प्रती पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण लोकांना सावध करतोय असंच वाटत असणार. प्रत्यक्षात ते मारेकऱ्याची जाहिरात फुकटात करत होते.

आता तिसरा मुद्दा, पुतणीच्या दाराशी येऊन पोचणारा.

२२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनात संगीताचा कार्यक्रम संपताना बॉम्बस्फोट झाला. २२ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. न्यायमूर्ती सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशीचा अहवाल यानंतर तीन खंडांत आला. त्याच्या पहिल्या खंडातला प्रसंग दाराशी उभं राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. आपल्या माणसांना न्यायला आलेल्या एका गृहस्थाला मोठी पाठपिशवी घेऊन बसलेला तरुण खटकला. त्यांनी जाऊन सरळ विचारलं, पिशवीत काय आहे? नीट उत्तर मिळालं नाही. स्फोटाच्या सुमारे पाव तास आधी त्यांनी हे तिथल्या एका स्वयंसेवकवजा कर्मचाऱ्याला सांगितलं. त्या पोराकडे रेडिओ नव्हता आणि नेमून दिलेलं दार सोडता येत नाही असं त्याला वाटत होतं. काही मिनिटांनी त्याने दुसऱ्या कर्मचाऱ्याला सांगितलं. त्या दुसऱ्याने रेडिओवर प्रयत्न केला, तो लागला नाही, आणि आपला अंदाज चुकला तर लोक आपल्याला वंशद्वेषी म्हणतील ही धास्तीही त्याच्या मनात होती. विषय तिथेच थांबला.

संदेशवाले म्हणतील, बघा, कळवून काय झालं? झालं काहीच नाही, हे कबूल. पण सॉन्डर्स काय म्हणतात तेही वाचा. या माणसाला वेळीच हटकलं असतं तरी त्याने स्फोट घडवलाच असता, असं त्यांना वाटतं; मात्र जीवितहानी कमी झाली असण्याची दाट शक्यता ते मानतात. ‘होणारा हल्ला होतोच’ या वाक्यात नेमकी हीच मेख लपवलेली आहे. हल्ला होणं आणि त्यात किती जण मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पुष्कळदा दाराशी उभ्या असलेल्या, जेमतेम विशीतल्या पोरांच्या हातात असते. त्यांना रेडिओ द्या, कुणाला सांगायचं ते आधी सांगून ठेवा. ब्रिटनने २०२५ मध्ये यासाठी कायदाच केला. स्फोटात गेलेल्या एका तरुणाच्या नावावरून लोक त्याला मार्टिनचा कायदा म्हणतात, आणि तो त्याच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा करून करवून घेतला.

कळवल्याने काम झाल्याचंही उदाहरण आहे. १ मे २०१० ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या गाडीतून धूर येताना पदपथावरच्या विक्रेत्यांना दिसला. त्यांनी घोडेस्वार पोलिसाला सांगितलं, चौक रिकामा झाला. बॉम्ब कच्चा होता म्हणून फुटला नाही, पण फुटला असता तरी गर्दी तिथे उरलेली नव्हती.

‘निष्पापांना त्रास होतो’ हा मात्र संदेशातला खरा भाग, नाइलाजाने का होईना मान्य करावाच लागतो. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत पोलिसांनी भलत्याच माणसाला हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या. म्हणूनच कळवायचं ते वागणं. चेहरा, दाढी, कपडे, आडनाव कळवायचं नसतं. सामान सोडून चालू लागणं, कार्यक्रम संपत आला तरी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरच्या कोपऱ्यात बसून राहणं, साध्या प्रश्नाला टोलवाटोलवी करणं. मँचेस्टरचा तो तरुण खरोखरच सीसीटीव्हीच्या आडोशाला बसला होता.

न्हाणीघराकडे येऊ. तुलना आकड्यांत खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये रस्ते अपघातांत ११.९ लाख माणसं गेली. जागतिक दहशतवाद निर्देशांकाच्या हिशोबाने २०२४ मध्ये दहशतवादाने ७,५५५ माणसं मारली. फरक प्रचंड आहे. पण न्हाणीघराची फरशी तुमच्यावर पाळत ठेवत नाही, बंदोबस्त बघून डाव बदलत नाही, आणि एका सकाळी २,९७७ माणसं मारत नाही, जशी ११ सप्टेंबर २००१ ला मारली गेली. शिवाय हा आकडा लहान आहे तो पाळत, तपासणी आणि कळवणाऱ्या माणसांसकट लहान आहे. तेच काढून घ्या म्हणणाऱ्याने तोच आकडा पुरावा म्हणून द्यावा, हे कसलं गणित?

आणि मोजणारे मोजतात ती फक्त प्रेतं. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत पुष्कळ लोकांनी विमान सोडून गाडी काढली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांच्या अंदाजाने पुढच्या वर्षभरात त्यापायी सुमारे १,५०० जास्तीची माणसं रस्त्यावर मेली. संदेशातल्या हिशोबात ही माणसं ‘रस्ते अपघात’ या रकान्यात जातात! पाकिस्तानात २०१२ मध्ये तालिबानी गटांनी उत्तर वझिरिस्तानात पोलिओ लसीकरण बंद पाडलं, मग लस पाजणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. (अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने ओसामाच्या शोधासाठी खोटी लसीकरण मोहीम वापरून लोकांच्या संशयाला खतपाणी घातलं होतं, हेही खरं.) २०१२ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ५८ रुग्ण होते, २०१४ मध्ये ३०६. ती पांगळी झालेली मुलं दहशतवादाच्या कुठल्याच आकड्यात नाहीत.

श्रीमंत देशांचं दुखणं? २०२४ मधल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातले आहेत. त्याच पट्ट्यातल्या बुर्किना फासोत २०२३ मध्ये दर चार शाळांपैकी एक बंद होती. सोमालियात मोगादिशूला १४ ऑक्टोबर २०१७ ला एका ट्रक बॉम्बने ५८७ माणसं मारली. यातलं किती आपल्या टीव्हीवर दिसलं? मीडियाने फुगवलं म्हणायला आधी दाखवावं तरी लागतं.

पाचवा मुद्दा ऐकायला छान आहे आणि अर्धा बरोबरही. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत एकाच माणसाने ७७ जणांना मारल्यावर पंतप्रधान स्टोल्टनबर्ग यांनी अधिक मोकळेपणा, अधिक लोकशाही हेच आमचं उत्तर असं सांगितलं, देश घाबरून कोशात गेला नाही, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच सरकारच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये दुसरी गोष्टही लिहून ठेवली. ऑस्लोतल्या सरकारी इमारतीसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचा निर्णय २००४ मध्येच झाला होता. २०११ पर्यंत तो बंद झालाच नाही. बॉम्ब भरलेली व्हॅन इमारतीच्या दाराशी येऊन उभी राहिली, तिथे आठ माणसं गेली. आधीच मंजूर केलेले उपाय अमलात आले असते तर इमारतीवरचा हल्ला रोखता आला असता, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.