आमचा उंदीर कुठला?

परवा नाट्यगृहातल्या स्वयंसेविकेने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मला! बोलत होते शेजारचे काका. मी नुसती उत्तरं देत होते.

'नटक्रॅकर' बॅले मी लहानपणी, न्यू जर्सीला आल्याआल्या पाहिला होता. त्यातलं वाढत जाणारं ख्रिसमसचं झाड तेव्हापासून डोक्यात होतं. यंदा हौसेने एकटीच गेले, गावातल्या बॅले शाळेच्या प्रयोगाला. न्यूयॉर्कच्या तिकिटात महिन्याचा किराणा येतो. पुढच्या खुर्चीत उशीवर बसलेली चिमुरडी, तिच्या डोक्यावर हा मोठा मुकुट. मला झाडाचा शेंडा तेवढा दिसला. मीही उशी मागितली. फक्त मुलांसाठी, म्हणे.

"अगं बाई!" असं तोंडून निघालं आणि शेजारून आवाज आला, "मराठी का?"

संपलं.

"आमची नात उंदीर आहे. यातला कुठला?"

"डावीकडून तिसरा असेल, काका."

"छे, आमची इतकी वाकत नाही."

गोष्टीतल्या मुलीने, क्लाराने, उंदरांच्या राजाला चप्पल फेकून मारली तेव्हा काका खूश. मग चेहरा पडला. "म्हणजे आमची पार्टी हरली?"

मध्यंतरानंतर मिठाईचं राज्य. "चॉकलेट स्पेनचं, कॉफी अरबांची, चहा चीनचा," मी कुजबुजले.

"आपलं काहीच नाही? आणि गोष्ट कुठे गेली?"

"संपली. आता नुसते नाच."

"मग हे तिकीट कशाचं?"

आता काय सांगणार! 1892 साली सेंट पीटर्सबर्गला पहिला प्रयोग झाला, तेव्हा समीक्षकांनीही हेच रडगाणं गायलं होतं. या मिठाईच्या राज्यातल्या शुगर प्लम परीच्या नाचासाठी संगीतकार चायकोव्हस्कीने चेलेस्टा हे नवंकोरं वाद्य पॅरिसहून गुपचूप मागवलं होतं, इतर संगीतकारांना सुगावा लागू नये म्हणून. ती किणकिण ऐकायला तर मी आले होते. नेमकी तेव्हाच काकांनी चिवड्याची पिशवी उघडली. "काका, नंतर," एवढंच म्हणाले, आणि ती स्वयंसेविका माझ्याकडे वळली.

काकांचाही राग खोटा नव्हता म्हणा. उंदीर होण्याची फी वेगळी, शेपटीसकट पोशाखाचे पैसे वेगळे, वर तो पाहायला घरच्यांनी तिकीट काढायचं. अमेरिकेतल्या कितीतरी बॅले मंडळ्या वर्षभर याच एका खेळाच्या जिवावर तगतात. 1954 साली नृत्यदिग्दर्शक बालांशिनने न्यूयॉर्कला तो बसवला, तोही शाळेतली पोरं घेऊनच. एकेका उंदरामागे आई, बाप, आजी, आजोबा, सगळ्यांचे फोन वर. बिनउंदराच्या माणसाने नुसता नाच पाहायला यावं, ही सोयच कुणी ठेवलेली नाही.

निघताना काकांनी माझा नंबर मागितला. मे महिन्यात थोरल्या नातीचं अरंगेत्रम आहे.

"साडेतीन तास. पण तिकीट नाही," ते म्हणाले. "आणि जेवण आहे."

नंबर दिला.