नेच्यांना ‘निओक्रोम’ दिलं, ते मॉसने नव्हे

‘शेवाळाने नेच्यांना सावलीत जगायचं जनुक उसनं दिलं’ असा मजकूर सध्या फिरतोय. त्यात शेवाळ म्हणजे मॉस. गोष्ट छान आहे, पण देणारा चुकलाय.

२०१४ साली फे-वेई ली, कॅथलीन प्रायर या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नेच्यांमधलं हे जनुक, म्हणजे निओक्रोम या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक, हॉर्नवर्ट या छोट्या वनस्पतीकडून आलेलं असावं. हॉर्नवर्ट आणि मॉस एका खानदानातले, पण घरं वेगळी. घोळ बहुधा आपल्या भाषेचाच. भिंतीवरचं, विहिरीतलं, दगडावरचं, सगळं हिरवं आपल्याला ‘शेवाळ’च!

मग मॉसचं काय? त्याच्याकडे निओक्रोम नाही, पण म्हणून ते आंधळं नाही. प्रयोगशाळेतलं लाडकं मॉस फिस्कोमिट्रियम. त्यात तांबडा प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोमची सात जनुकं आहेत. शिवाय निळ्या प्रकाशासाठी क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे एकेका पेशीच्या जाडीचे धागे बघा. मंद प्रकाशात हरितलवक उजेडाकडे गोळा होतात, आणि झोत प्रखर झाला की पेशीच्या बाजूच्या भिंतींना चिकटतात, जणू उन्हातून ओसरीला सरकणारी माणसं. तांबडा प्रकाश कुठून येतोय हेही त्याला कळतं. तिथे फायटोक्रोम पेशीपटलापाशी फोटोट्रोपिनशी संधान बांधतं. निओक्रोममध्ये मात्र या दोघांचे भाग एकाच प्रथिनात जोडलेले असतात.

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ‘शेवाळ’ खोडून ‘हॉर्नवर्ट’ लिहा.