जुनं घर विकायचंय? आधी आजीला पुण्याला पाठवा

आजोबांनी बांधलेलं घर विकायचं पक्कं झालं असेल, तर पहिला खर्च पुट्टीवर नको, आजीच्या रेल्वे तिकिटावर करा. तिला नातवाकडे पुण्याला रवाना करा. गिऱ्हाईक घर पाहायला आलं की म्हातारी माणसं खरं बोलतात. चहाचा कप पुढे करता करता "ह्या कोपऱ्यात पाणी गळते बरं का, भाऊ" एवढं ती सहज बोलून जाते आणि तुमचे पाच लाख तिथंच गळतात.

आता मुहूर्त. त्यासाठी पंचांग नको, जमीन पाहा. आपली नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरची जुनी भिंत तिच्या तालावर हलते. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, ऑगस्टमध्ये खालून ओल चढते. शिवाय मे महिन्यात घर पाहतं कोण? २०१३ साली पारा ४७.९ पर्यंत गेला होता. तसल्या उन्हात आलेला माणूस थेट कूलरसमोर बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारी गाठा. त्या दोन महिन्यांत नागपूरच्या भिंती सज्जनासारख्या वागतात. पेंटर छातीवर हात ठेवून सांगेल, "डॅम्पप्रूफ मारून देतो, दोन वर्षं पाह्याचं काम नाही." त्याला सांगा, भाऊ, रजिस्ट्रीपर्यंत टिकलं तरी पुरे.

घर अंबाझरी लेआउट किंवा कॉर्पोरेशन कॉलनीकडचं असेल, तर जरा जास्त कलाकुसर लागेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या दिवाणखान्यात शिरली. तेव्हापासून भिंतीवर एक मातकट रेघ आहे. तिच्यावर कितीही हात मारा, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा हजर. उपाय सोपा आहे. चार फुटांपर्यंत लाकडी रंगाचे पीव्हीसी पॅनल ठोका आणि विचारलंच कुणी, तर इंटेरियरवाल्याने सुचवलं म्हणा. फक्त एक लक्षात ठेवा, पुरानंतर तुम्ही घरातले सगळे प्लग छातीच्या उंचीवर नेलेत. चौकस गिऱ्हाईक नेमकं तिथंच थांबतं. "घरात लहान मुलं आहेत ना," असं म्हणून पुढच्या खोलीत चला. मुलं एमबीए करताहेत, हे सांगायची गरज नाही.

आत शिरल्यावर सगळ्यात जास्त डोळ्यांत खुपतं ते जुनं सागवान. आल्लापल्लीच्या लाकडाची ती जाडजूड चौकट, पितळी कडी, पावसाळ्यातही न फुगणारं दार. कोण पाहतं आजकाल? जुन्या लाकडाच्या दुकानदाराला बोलवा, देईल त्या भावात देऊन टाका आणि त्या जागी फ्लश डोअर लावून त्याला डिजिटल लॉक बसवा. स्लॅबच्या सळया गंजून डोकावत असतील, तर खाली पीओपीचं छत करून त्यात निळे दिवे सोडा. निळ्या उजेडात गंज दिसत नाही. कूलरच्या स्टँडखाली भिंतीवर वर्षानुवर्षं ओघळलेला तांबडा पट्टाही रंगवून घ्या. नळाचं पाणी ओढणारा टुल्लू पंप पलंगाखाली ढकला, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरा आणि पाहुणे येताच सगळे नळ ऐटीत सोडून दाखवा. देवघर ईशान्येला सरकवलं की वास्तूचं काम झालं.

कागदपत्रांचं काय? आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून आजोबाच मालक, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचं नूतनीकरण राहिलेलं आणि एक काका अमेरिकेत सही अडवून बसलेले. यावर पुट्टी बसत नाही, म्हणून हा विषय दुसऱ्या चहानंतर काढा.

एवढी जय्यत तयारी झाली की एका रविवारी दलाल खरं गिऱ्हाईक घेऊन येईल. मोठी गाडी, सोबत टेप धरलेला पोऱ्या. हा गृहस्थ आत यायच्या आधी रस्ता मोजेल, मग समोरची कंपाउंडची भिंत. "तीस बाय पन्नास ना?" तुम्ही घाईघाईने निळे दिवे लावाल. तो मान वर करून एकदा बघेल आणि म्हणेल, "हे तर सगळं पाडाच लागन." मग फ्लश डोअरवर बोटानं टकटक करून दलालाकडे वळेल, "तू म्हणत होता ना, जुनं सागवान हाये? कुठी गेलं ते? मलब्यात तेवढ्याचाच तर पैसा भेटते."