एव्हलिन बोटीत का बसली नाही

सांगलीच्या आमच्या वाचनमंडळाने यंदा शोकान्त कथा वाचायच्या नाहीत असं ठरवलं आहे. महिन्यातल्या एका रविवारी मी इथून, आयर्लंडमधल्या डब्लिनहून, व्हिडिओवर हजर असते. गेल्या बैठकीत विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' निघालं आणि दहा मिनिटांत बाजूलाही पडलं. "त्या बायका सरळ घर सोडून का जात नाहीत? असल्या हतबल नायिका आजच्या मुलींच्या हातात कशाला द्यायच्या?" असं एकीचं म्हणणं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं तर मलाच ऐकवलं, "तुला काय, तिकडे सगळं मोकळं!"

आठवडा झाला, ते 'मोकळं' डोक्यातून जात नाही.

माझं ऑफिस नॉर्थ वॉलला आहे. लुआस ट्राममधून उतरलं की नदीकाठाने पाच मिनिटं चालायचं. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाच्या गोष्टीतली एव्हलिन थांबली ती इथल्याच धक्क्यावर. 19 वर्षांची मुलगी. दुकानात नोकरी करते, आठवड्याचे 7 शिलिंग सगळेच्या सगळे बापाच्या हातात देते आणि घरखर्चाला त्याच्याकडेच हात पसरते. घर सांभाळीन असा मरत्या आईला शब्द दिलेला, तिच्यावर सोपवलेली दोन लहान मुलं. प्रियकर फ्रँक तिला ब्युनॉस आयरेसला न्यायला तयार आहे, बोट लागली आहे, तो पुढे जाऊन हाका मारतो आहे, आणि ही लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. गोष्ट तिथेच संपते.

ही गोष्ट छापून आली 1904 च्या सप्टेंबरात. पुढच्याच महिन्यात जॉइस स्वतः प्रेयसी नोरा बार्नाकलबरोबर डब्लिन सोडून गेला. म्हणजे जाता येतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एव्हलिनला मात्र त्याने बोटीत बसवलं नाही, कारण ती गेली असती तर त्या दोन मुलांना सकाळी शाळेत कोणी धाडलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. मला ही गोष्ट खरी वाटते ती एवढ्याचसाठी.

विभावरी शिरूरकरांचं पुस्तक 1933 चं. त्यातल्या एका कथेचं नावच आहे, 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हा प्रश्न एव्हलिनच्याही तोंडी बसेल. मालतीबाई बेडेकरांनी ते या टोपणनावाने लिहिलं. जॉइसनेही एव्हलिनची गोष्ट टोपणनावानेच छापली होती. माझ्या मुलीने इथल्या शाळेत, ट्रान्झिशन इयर नावाच्या वर्षाला, ती वाचली. शेवट बदलायला हवा असं तिच्या वर्गात कोणीही म्हटलं नाही. आणि आपण आपलंच पुस्तक दहा मिनिटांत बंद करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, इथलं मोकळेपण तरी किती जुनं? लग्न झालं की बाईने सरकारी नोकरी सोडायची, हा नियम 1973 पर्यंत होता. घटस्फोटाला 1995 मध्ये लोकांनी होकार दिला तो जेमतेम 9 हजारांच्या फरकाने. आणि आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार? 2012 मध्ये इथल्या गॉलवे शहरात इस्पितळात वारली. गर्भ वाचणार नाही हे कळून चुकलं होतं, तरी त्याचे ठोके सुरू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारला. गर्भपातबंदी उठवणाऱ्या 2018 च्या मतदानानंतर तिच्या भिंतीवरच्या चित्राभोवती लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मी बराच वेळ त्या वाचत उभी होते. कितीतरी चिठ्ठ्यांवर फक्त 'सॉरी' लिहिलेलं.

मी स्वतः 2014 ला आले ती स्टॅम्प थ्रीवर, म्हणजे राहता येतं पण नोकरी करता येत नाही अशा परवानगीवर. सांगलीत बँकेत नऊ वर्षं नोकरी केलेली मी, इथे भाजी आणायला नवऱ्याचं कार्ड घेऊन जायची. नोकरीला वेगळा परवाना लागायचा आणि तो काढून द्यायला कुठली कंपनी तयार होईना. 2019 च्या मार्चमध्ये नियम बदलला तेव्हा कुठे सुटले. ती पाच वर्षं मी घरी कधी बोलून दाखवली नाहीत. फोनवर नेहमी "मजेत आहे" म्हणायचे. मंडळातल्या बायकांना इथे सगळं मोकळं वाटतं, त्यात माझाही वाटा आहे.

पण मी निघून येऊ शकले हे खरं. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. धाकटीने पुण्याचं ठरत आलेलं स्थळ मोडलं आणि मला म्हणाली, "ताई, तू जा, मी आहे." महालक्ष्मीने निघाले तेव्हा स्टेशनवर माझी बॅगही तिनेच चढवली होती.

त्या रविवारी तीही बैठकीला होती, स्क्रीनच्या अगदी कडेला, अर्धी दिसत होती. "सरळ घर सोडून का जात नाहीत" यावर सगळ्या बोलत होत्या, तेव्हा ती मांडीवरच्या पुस्तकाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करत होती. साडेसहा वाजले तशी पुस्तक खुर्चीवर ठेवून उठली. बाबांच्या गोळ्यांची वेळ झाली होती.