बसी जाई, भाऊ!

नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत हायवेवरच्या कुठल्याही टायरच्या दुकानापुढे उंच केलेली जीप उभी करा आणि विचारा, "हिला तेहतीसचा टायर बसेल का?" उत्तर ठरलेलं आहे. टायरवाला गाडीकडे बघत नाही, टायरकडे बघत नाही, तुमच्या खिशावर एक नजर टाकतो आणि म्हणतो, "बसी जाई, भाऊ!"

तो खोटं बोलत नाही. लग्नात शिवलेली पँटसुद्धा आरशापुढे उभं राहिलं की छान बसते, पंगतीत मांडी घालायची वेळ आली की शिवण बोलायला लागते. सपाट फरशीवर, चाकं सरळ, गाडी रिकामी आणि दुकानदार हसतमुख असताना कुठलाही टायर बसतो. माझा वाद आहे तो पुढच्या मांडीशी.

आधी हिशेब. थारच्या 16 इंची रिमवाल्या मॉडेलला कंपनी 245/75 आर16 टायर देते. 245 ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, कडेची उंची तिच्या 75 टक्के म्हणजे 183.75 मिलिमीटर. ते वर आणि खाली मिळून 367.5, मधल्या रिमचे 406.4, एकूण 774 च्या आसपास. साडेतीस इंच. लोकांना हवा असतो 285/75 आर16, तो भरतो 834 मिलिमीटर, म्हणजे 32.8 इंच. यालाच कौतुकाने 'तेहतीस' म्हणतात. फरक 60 मिलिमीटरचा, पण गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं फक्त 30. उरलेले 30 मडगार्डच्या दिशेने जातात आणि पुढची सगळी भांडणं तेच लावून देतात.

रिमही मोजून घ्या. 285 च्या टायरला साडेसात इंचांपेक्षा अरुंद रिम चालत नाही. आणि टायरच्या कडेवर DOT (डीओटी) या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख असते: 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. ऑफरोडचे मोठे टायर दुकानात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली चार वर्षं काढलेलं रबर बाहेरून काळंभोर आणि आतून वाळलेल्या खारकेसारखं.

आता सगळ्यांचा आवडता गैरसमज. "दोन इंच लिफ्ट केलीय ना, मग घासेल कसा?" घासतो. लिफ्टने गाडीची उभं राहायची उंची वाढते, बसायची नाही. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाक जुन्याच जागी, थेट बंपस्टॉपपर्यंत वर येतं. ते रबरी ठोकळे तेवढेच ठेवले असतील तर मोठा टायर मडगार्डच्या पत्र्याला भेटणारच. म्हणून लिफ्टबरोबर बंपस्टॉप वाढवायचे. हजारभर रुपयांचं काम, पण बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कोणी करत नाही. लाइटचा बार मात्र प्रत्येकाच्या टपावर असतो.

मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या अख्ख्या ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी बांधणारा आडवा दांडा असतो. गाडी उंच झाली की तो ॲक्सलला एका बाजूला ओढतो आणि एका बाजूचा टायर दुसऱ्यापेक्षा बाहेर डोकावतो. लांबी कमीजास्त करता येणारा दांडा बसवला की चाकं पुन्हा मधोमध येतात. पुढच्या चाकांची लिफ्ट दोन इंचांपेक्षा वर नेली की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरतात आणि त्यांची रबरी बुटं फाटायला लागतात. आणि लिफ्टनंतर अलाइनमेंट केलं नाही, तर नवीन टायरची एक कडा काही हजार किलोमीटरमध्ये उडते.

घासायच्या जागा ठरलेल्या असतात. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची मागची बाजू मडफ्लॅपला, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला आणि त्यामागच्या पत्र्याच्या जोडाला लागते. पुढची बाजू बंपरच्या कोपऱ्याला. कमी ऑफसेटचं, म्हणजे चाक बाहेर सरकवणारं रिम घातलं तर आतली घासाघीस थांबते, पण चाक मोठ्या वर्तुळात वळतं, म्हणजे आतलं भांडण अंगणात आणलं, एवढंच. तेच काम करणाऱ्या स्पेसरबद्दल, म्हणजे रिममागे बसवायच्या चकतीबद्दल, माझं मत लोकांना रुचत नाही, ते इथे नको.

उपाय क्रमाने करा. आधी मडफ्लॅप काढा. मग हीटगनने अस्तर मऊ करून मागे दाबा (भुसावळच्या मे महिन्यात हीटगन कशाला, असं वाटतं, पण लागते). मग बंपरचा कोपरा कापा. पत्र्याचा जोड हातोडीने चपटा करायची वेळ आली, तर लगेच प्रायमर आणि रंग लावा. नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून गंज चढतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे स्टीअरिंगच्या स्टॉपरखाली वायसर घालणं. चाक कमी वळतं, घासणं संपतं आणि जळगावच्या फुले मार्केटच्या गल्लीत गाडी वळवायला तीनदा रिव्हर्स घ्यावा लागतो. मागचे रिक्षावाले तोवर तुमच्या घराण्याचा इतिहास सांगतात.

खरी परीक्षा शेताच्या बांधावर. पुढचं डावं चाक बांधावर चढवा, मागचं उजवं दुसऱ्या उंचवट्यावर, आणि त्याच अवस्थेत स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायरच्या खांद्याला आधी खडू लावून ठेवा. जिथे पांढरं उमटेल, तिथे घासतो. मग हेच गाडी भरून करा. हिवाळ्यात भरीत पार्टीला निघालेली थार म्हणजे चार धष्टपुष्ट माणसं, मागे वांग्यांची गोणी, कळण्याच्या भाकरी आणि पातेली. अशा गाडीची दोन इंच लिफ्ट दाराशीच निम्मी होते.

हेही पास झालं, तर काळी माती आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यात गाडी घातली की चिखल टायरला चिकटतो, टायर तो मडगार्डमध्ये नेऊन लिंपतो आणि तुम्ही कष्टाने कमावलेली दोन बोटांची फट अर्ध्या किलोमीटरात सारवून निघते. ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांसाठीच्या टायरच्या खाचा गच्च भरतात, मग तो गुळगुळीत लाडू होऊन फिरतो. मड-टेरेनच्या, म्हणजे खास चिखलाच्या टायरच्या रुंद खाचा चाक वेगाने फिरलं की चिखल भिरकावतात, म्हणून इथे तोच कामाचा. मात्र धुळे-जळगाव डांबरी रस्त्यावर तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. जुन्या बैलगाडीचं चाक आठवा: उंच, अरुंद, वर लोखंडी धाव. काळ्या मातीत रुंदीपेक्षा उंची कामाला येते, हे सुताराला ठाऊक होतं. आपण मात्र फोटोसाठी रुंदीचे पैसे मोजतो.

मोठं चाक एका फेरीत पावणेआठ टक्के जास्त चालतं. मीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 86 ने पळत असते. शंभर किलोमीटर चालली तरी मीटर 93 च मोजतो, म्हणून "मायलेज पडलं हो" या रडण्यातलं निम्मं रडणं मीटरचं असतं. निम्मं खरंही असतं: जड चाकाने ओढ कमी होते आणि ब्रेकही लांब लागतो. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीपुस्तकातल्या माहितीशी न जुळणारे बदल करू देत नाही. अपघातानंतर विमा कंपनीला हे कलम तुमच्याआधी आठवतं.

हवा किती? टायरवर 80 पीएसआय कोरलेलं असलं तरी ती कमाल मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. रबरावर आडवी खडूची जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर शंभर मीटर सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडांचीच पुसली तर कमी. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पीएसआय चढतो, आणि खानदेशात सकाळ आणि दुपार यांच्यात बरेच अंश असतात.

नट गनने धडधडवून सोडू नका. समोरासमोरचे घेत, टॉर्क पान्याने आवळा आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. टायर चार नाही, पाच घ्या. 60 मिलिमीटरने बुटकी स्टेपनी लावून फोर-व्हील टाकली की गिअरबॉक्समध्ये सासू-सून सुरू होतं.

आणि जॅक. कंपनीचा जॅक जुन्या उंचीचा. लिफ्ट केलेल्या गाडीचं चाक त्याने सुटतच नाही. हे ज्ञान सहसा तोरणमाळच्या घाटात, पावसात होतं. गाडीत चार इंच जाडीचा सागाचा ठोकळा ठेवा. बांधावरून केळीचं खोड तोडून जॅकखाली घालायची कल्पना दर पावसाळ्यात कुणाला तरी सुचते. त्यात नव्वद टक्के पाणीच असतं. ते मात्र लगेच बसतं.