कव्हर आलं म्हणजे फोन ठरला? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून खारघरपर्यंत बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: येत्या फोनचं आणि टॅबचं डिझाइन फायनल झालं, कारण ठाणे स्टेशनबाहेर कव्हरं आणि डमी (फोनच्या आकाराचे नकली नमुने) आल्या. बीआयएसला (भारतीय मानक ब्युरोला) नोंद झाली, म्हणजे आठ दिवसांत लाँच. एक नाही, दोन नवे टॅब येतायत. न्हावा शेवाला कंटेनर उतरला. अमेरिकेतला भाव फुटलाय, त्याला डॉलरच्या दराने गुणा. कव्हर-ग्लास आत्ताच घ्या, जुना फोन आत्ताच विका. शिवाय २०२७ पासून सगळ्या फोनची बॅटरी पुन्हा हाताने काढता येणार.

यातल्या बऱ्याच गोष्टींना काहीतरी आधार आहे. त्यातून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

"कव्हर आणि डमी आल्या, म्हणजे डिझाइन फायनल"

कव्हर फोनवरून बनत नाही, ड्रॉइंगवरून बनतं. लाँचच्या दिवशी दुकानात माल हवा म्हणून चीनमधले कव्हरवाले कारखाने फुटलेली सीएडी फाइल (फोनचं कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग) मिळवतात, तिच्यावरून डमी कापतात आणि साचा तयार करतात. फाइल खोटीच असते असं नाही, पण ती कुठल्या टप्प्यावरची आहे हे कारखान्यालाही माहीत नसतं. तो सरळसरळ सट्टा असतो.

तो फसल्याची उदाहरणं आहेत. २०२१ मध्ये ॲपल वॉच सिरीज ७ च्या सपाट कडांची चित्रं महिनोन्महिने फिरली; सप्टेंबरमध्ये घड्याळ आलं ते गोलसर कडांचं. आयफोन १५ प्रोला न दाबली जाणारी, नुसती थरथरणारी बटणं येणार असं २०२३ च्या सुरुवातीला सगळीकडे छापून आलं होतं. एप्रिलमध्ये ती रद्द झाल्याची बातमी आली आणि फोन नेहमीच्या बटणांनीच विकला गेला. २०२२ मध्ये तर सगळे '१४ मॅक्स'ची वाट पाहत होते. तो आला '१४ प्लस' नावाने.

डमीवरून लांबी-रुंदी-जाडी, कॅमेऱ्याची जागा आणि बटणांची जागा साधारण कळते. तिथे ती बऱ्याचदा बरोबरही निघते. पण डमीचा स्क्रीन म्हणजे वर चिकटवलेलं छापील चित्र. त्या चित्रातली काळी कड पट्टीने मोजून 'बेझल अर्ध्यावर आले' म्हणणारे व्हिडिओ पाहिले की हसू येतं. रंग, प्रोसेसर, स्क्रीनचा दर्जा, बॅटरी यातलं काहीही डमीत नसतं.

"कव्हर-ग्लास आत्ताच घेऊन ठेवा"

खिशाला चाट बसते ती इथे. मापं जुळली म्हणून कव्हर जुळतं असं नाही. आयफोन १५ आणि १६ दोन्ही १४७.६ × ७१.६ × ७.८ मिलिमीटर, अगदी सारखे. तरी १५ चं कव्हर १६ ला चालत नाही, कारण तिरके कॅमेरे उभ्या रेषेत आले आणि उजव्या कडेला कॅमेऱ्याचं वेगळं बटण आलं. समोरचा टेम्पर्ड ग्लास मात्र चालून जातो. १३ आणि १४ ची लांबी-रुंदी एकच, जाडी ७.६५ वरून ७.८ झाली आणि कॅमेऱ्याचा उंचवटा वाढला. मऊ टीपीयू कव्हर ताणून बसतं, कडक पॉलिकार्बोनेट कॅमेऱ्यापाशी अडतं आणि कोपरा वर राहतो.

टॅबचं गणित आणखी वेगळं. १०.२ इंची आयपॅडच्या सातव्या, आठव्या, नवव्या पिढीला एकच कव्हर चालतं; २०२२ चा दहावा आणि २०२५ चा ए१६ चिपवाला यांनाही एकच. पण ११ इंची आयपॅड प्रो २०२४ मध्ये जाडीला ५.९ वरून ५.३ मिलिमीटर झाला, लांबी-रुंदीही थोडी बदलली, आणि जुनी कव्हरं गेली. त्याहून महाग फटका स्क्रीनवर लिहायच्या ॲपल पेन्सिलचा. समोरचा कॅमेरा लांब कडेवर आला, तिथेच पेन्सिल चिकटवून चार्ज करायची सोय होती, ती आतून नव्याने बसवावी लागली. परिणामी दुसऱ्या पिढीची पेन्सिल त्या टॅबला चालत नाही. पेन्सिल प्रो किंवा यूएसबी-सीवाली घ्यावी लागते. हे कुठल्या डमीवरून कळणार होतं?

गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये कोणी लाँचआधीच कव्हर देत असेल, तर 'न बसल्यास बदलून मिळेल' हे बिलावर लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

"बीआयएसला नोंद झाली, आठ दिवसांत लाँच"

बीआयएसची सक्तीची नोंदणी ही सुरक्षिततेची पायरी आहे. ती नसेल तर फोन भारतात बनवता, आणता किंवा विकता येत नाही, म्हणून ती आधीच उरकतात. लाँच त्यानंतर कधीही होतं. नोंदीत कंपनी, कारखान्याचा पत्ता, वस्तूचा प्रकार आणि मॉडेल क्रमांक असतो. फोटो नसतो, किंमत नसते, तारीख नसते. नोंदणी कारखान्यागणिक होते, त्यामुळे तोच फोन दुसऱ्या कारखान्यात बनणार असेल तर पुन्हा नोंद दिसते आणि लोक 'आणखी एक मॉडेल' म्हणून नाचतात. हातातल्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर 'आर' ने सुरू होणारा क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून पाहा, नोंदीत किती त्रोटक माहिती असते ते लगेच दिसेल.

वायरलेस उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफसीसीचंही तसंच. फोनचे आतले-बाहेरचे फोटो कंपनीच्या विनंतीवरून १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवतात.

"दोन नवे टॅब"

नोंदीत दोन क्रमांक दिसले म्हणजे दोन टॅब नव्हेत. उदाहरण सॅमसंगच्या टॅब एस९ चं. एसएम-एक्स७१० म्हणजे वाय-फायवाला, एसएम-एक्स७१६बी म्हणजे ५जी. टॅब एकच, क्रमांक दोन.

  

"न्हावा शेवाला कंटेनर"

फोनसारखा हलका आणि महाग माल शक्यतो विमानाने येतो. त्यातही भारतात विकले जाणारे बहुतेक फोन नोएडा, श्रीपेरुंबुदूर अशा ठिकाणी इथेच जोडले जातात. पुढे जाऊ.

"डॉलरच्या दराने गुणा"

अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर नसतो, आपल्या एमआरपीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. आयफोन १६ तिकडे ७९९ डॉलर, इकडे ७९,९०० रुपये. त्यातून जीएसटी काढला तर ६७,७०० च्या आसपास उरतात, म्हणजे तेव्हाच्या सुमारे ८४ च्या दराने जवळपास तिकडचीच किंमत. मग सूत्र सापडलं म्हणायचं? नाही. त्याच दिवशी आलेला १६ प्रो तिकडे ९९९ डॉलर आणि इकडे १,१९,९०० रुपये. एका फोनला डॉलरमागे १०० रुपये, दुसऱ्याला १२०. भाव कंपनी ठरवते, गुणाकार नाही.

"जुना फोन आत्ताच विका"

इथे अर्धं खरं आहे. नवा आयफोन आला की साध्या मॉडेलची आदली पिढी अधिकृतपणे स्वस्त होते: सप्टेंबर २०२४ मध्ये १५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १६, दोन्ही ७९,९०० वरून ६९,९०० वर आले. जुन्या बाजारातला भावही मग खाली येतो. म्हणून विकायचा असेल तर ऑगस्ट बरा, आदली पिढी घ्यायची असेल तर सप्टेंबरअखेर. यासाठी लीक लागत नाही, कॅलेंडर पुरतं. एरवी सप्टेंबरमध्ये येणारा आयफोन कोविडच्या २०२० मध्ये ऑक्टोबरला गेला. सॅमसंगची एस सिरीज वर्षाच्या सुरुवातीला, घडीचे फोन जुलै-ऑगस्टच्या सुमारास.

टॅबला हे कॅलेंडर लागू नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नवे आयपॅड येणार अशा बातम्या होत्या. आली ती फक्त यूएसबी-सीची पेन्सिल. त्या अख्ख्या वर्षात एकही नवा आयपॅड आला नाही. मुलाला क्लाससाठी टॅब जूनमध्ये हवा असेल तर जूनमध्ये दुकानात आहे तोच घ्यावा.

"२०२७ पासून बॅटरी हाताने काढता येणार"

नियम युरोपियन युनियनचा आहे, भारताचा नाही. १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख खरी, पण मजकूर 'बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता यावी' असा आहे. नखाने झाकण उघडण्याची अट त्यात नाही. शिवाय फोन-टॅबसाठी वेगळा इकोडिझाइन नियम २० जून २०२५ पासूनच लागू आहे, आणि त्यात सवलत आहे. बॅटरीने ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर किमान ८३ टक्के आणि १,००० वेळांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली, आणि फोन धूळरोधक व एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असला, तर बॅटरी दुरुस्तीवाल्याला बदलता आली तरी चालते. महागडे फोन पाण्यात टिकतात हे आधीपासूनच. त्यांच्या कंपन्या झाकण उघडं करण्यापेक्षा बॅटरी त्या आकड्यात बसवतील हे उघड आहे.