आईची किडनी दिसते, सरकारी नोकरी दिसत नाही

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर पुन्हा तो व्हिडिओ आला. डोळ्यांचे डॉक्टर तात्याराव लहाने, मागे बासरी, सरकत जाणारी अक्षरं. आईने किडनी दिली, मुलाने लाखोंना दृष्टी दिली, जिद्द असेल तर काहीही शक्य आहे वगैरे. खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात पहिले हात माझ्या मावसभावाचे. डोकंच फिरलं माझं.

कारण हाच तो, ज्याने माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, मोतीबिंदूच्या वेळी मला फोन करून सांगितलं होतं, "ताई, सरकारीत नेतेस? आहे तो डोळापण घालवून बसशील."

आता मला सांगा, लहाने कुठले होते? लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. 1981 ला एमबीबीएस, 1985 ला नेत्ररोगातलं एमएस, दोन्ही मराठवाडा विद्यापीठाची. तेव्हा मराठवाड्यात डॉक्टर व्हायचं तर सरकारी कॉलेजच होतं. फी परवडणारी होती म्हणून माकेगावचा पोरगा डॉक्टर झाला. पुढे नोकरी सरकारी. नाव झालं ते मुंबईच्या सरकारी जेजे रुग्णालयात. तिथेच अधिष्ठाता झाले, नंतर वैद्यकीय शिक्षण खात्याचे संचालक. एक लाखाच्या वर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या त्यासुद्धा जेजेच्या टेबलावर, नाहीतर आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत, जिथे बिल फाडायला कुणी बसलेलं नसतं. 2008 साली पद्मश्री मिळाली ती एका सरकारी नोकराला. या माणसाच्या कारकिर्दीतून 'सरकारी' काढा आणि काय उरतं ते सांगा.

तरी व्हिडिओत हे एका अक्षराने नाही. आई आहे, किडनी आहे, बासरी आहे.

त्यांच्या आईबद्दल, अंजनाबाईंबद्दल, मला काडीचाही कमी आदर नाही, गैरसमज नको. 1995 मध्ये, खेड्यातल्या बाईने, पोरासाठी पोटातला अवयव काढून दिला. ते वाचताना माझ्याही घशाशी येतं. पण किडनी बसल्यावर तो माणूस परत ज्या ऑपरेशन थिएटरात उभा राहिला ते कुणी बांधलं, तिथली सिस्टर कुणाच्या पगारावर होती, हे विचारलं की सगळे गप्प.

अण्णांचं सांगते. एसटीत कंडक्टर होते, आता पेन्शनर. तिकिटावरचा आकडा दिसेना तेव्हासुद्धा "नंबर वाढला असेल" म्हणून वर्ष काढलं. आधी आम्ही खासगीतच गेलो होतो, नाव घेत नाही. डॉक्टरांनी जेमतेम बघितलं आणि काउन्सेलर म्हणून एका मुलीकडे पाठवलं. तिने हॉटेलच्या मेनूसारखं लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे सरकवलं. साधी लेन्स, प्रीमियम लेन्स, त्याहून प्रीमियम लेन्स. अण्णांनी विचारलं, "साधीने दिसत नाही का?" तर म्हणे, "दिसतं काका, पण तुम्हाला क्वालिटी ऑफ लाइफ हवी ना?" आयुष्यभर फाट्याफाट्यावर बेल ओढलेला माणूस, त्याला ती क्वालिटी ऑफ लाइफ शिकवतेय. आम्ही उठलो आणि जेजे गाठलं.

बरं, खासगीवाल्यांनाही मशीनचं कर्ज असतं, जागेचं भाडं असतं. असेल. सगळे लुटारू नसतात हेही मान्य. पुढे जाऊ.

जेजेत रांग होती. केसपेपरची रांग, मग तपासणीची रांग. बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले म्हातारे-म्हाताऱ्या बाकावर माना मागे टाकून, डोळे मिटून ओळीने बसलेले. कुणी जळगावचं, कुणी बीडचं, एक आजी तर पालघरहून पहाटेची गाडी धरून आलेल्या. मधूनच सिस्टरचा आवाज, "ओ काका, डोळा उघडायचा नाही सांगितलं ना! परत घालायला लावताय!" वैतागलेली होती बिचारी, पण दर थोड्या वेळाने फिरून प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब घालत होती, एकालाही चुकवत नव्हती. अण्णांच्या भुवईवर पेनाने खूण केली, कुठला डोळा ते. ऑपरेशन म्हणाल तर बारीकशी चीर, आतला गढूळ झालेला मणी, म्हणजे डोळ्याचं भिंग, फोडून ओढून घ्यायचा, घडी केलेली लेन्स आत सरकवायची. टेबलावर थोडा वेळ काय तो. माझ्या आजीच्या वेळी अख्खा मणी काढायचे, मग दिवसचे दिवस न हलता पडून राहायचं आणि पुढे जन्मभर तो जाड भिंगांचा चष्मा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. निवासी डॉक्टर, म्हणजे शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारी, पोरगी होती, माझ्या लेकीपेक्षा जेमतेम मोठी. विचारते, "आजोबा, काय दिसतंय?" अण्णा म्हणाले, "भिंतीला रंग काढायला झालाय तुमच्या." ती खो खो हसली. खरं सांगते, तेवढ्या हसण्याने माझा रांगेचा सगळा शीण गेला.

हो, भिंतीला रंग काढायला झालाच होता. संडास विचारूच नका. आणि माझ्या बापाचं चांगलं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, हेही कळतं मला.

आता कुणीतरी 2023 काढणारच. तर काढतेच. त्या वर्षी जेजेच्या निवासी डॉक्टरांनी लहान्यांविरुद्ध तक्रारी केल्या, संपावर गेले. त्यांनी आरोप नाकारले आणि राजीनामा दिला. त्यात बरोबर कोण हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण हीरो डागाळला म्हणून ज्यांना आनंद झाला आणि ज्यांनी ते वाचलंच नाही असं दाखवलं, त्या दोघांनाही एकच सांगणं आहे. अण्णांची पट्टी सोडणारी ती पोरगी निवासी डॉक्टरच होती. तिला स्वतःच्या हाताने ऑपरेशन करून शिकायला मिळालं पाहिजे, झोप मिळाली पाहिजे, स्टायपेंड वेळेवर मिळाला पाहिजे. त्याचे व्हिडिओ का नाही येत कधी? तिथे बासरी बसत नाही म्हणून?

मघापेक्षा शांत झालेय जरा, चहा झाला. भावाला मी मगाशी ग्रुपवर जे लिहिलं ते लिहायला नको होतं असं आई म्हणतेय. मी काही काढणार नाही.

ज्यांना सरकारी डोळे विभागात वाईट अनुभव आलाय त्यांनी खाली बिनधास्त लिहा, कुठे आणि काय ते नीट लिहा, मी स्वतः शेअर करीन. चांगला आला असेल तर तोही लिहा, सिस्टरचं, वॉर्डबॉयचं काय आठवतं ते लिहा. नुसते जोडलेले हात टाकणाऱ्यांची कमेंट मात्र उडवणार आहे, आधीच सांगते.